मासे लपायच्या वेळा

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या नवऱ्यानं घरी माशांची टाकी आणली. मी शाळेतून आले तेव्हा हॉलमधल्या भिंतीला लोखंडी स्टँडवर ती बसलेली होती, पाणी भरलेलं होतं, वरचा दिवा लागलेला होता आणि नवरा समोर खुर्ची टाकून बसला होता. घर फार गप्प झालंय, काहीतरी हलतंफिरतं पाहिजे, असं तो म्हणाला. मला त्याचं खूप कौतुक वाटलं. शाळेत दुसऱ्या दिवशी मी तीनचार जणींना सांगितलंसुद्धा.

टाकी त्यानं आणली, पण मासे माझे झाले. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पाणी कसं राखायचं, किती खायला घालायचं, गाळणी कधी धुवायची हे मी वाचून, चुकत, शिकत गेले. दोन चंदेरी एंजेल होते, पंख ताणून हळूहळू फिरणारे. काळ्या मॉली होत्या, त्यांचं सारखं काहीतरी चाललेलं असायचं. आणि एक काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा मासा, जो कुणाच्याच अध्यातमध्यात नसे. संध्याकाळी मी दार उघडून पर्स टेबलावर ठेवली की सगळे पुढच्या काचेशी गोळा व्हायचे. चहा ठेवायच्या आधी मी त्यांना चिमूटभर खाणं टाकायची. नवरा म्हणायचा, मला कधी एवढं धावत येऊन काही दिलं नाहीस.

आमचं घर सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला आहे. लग्नानंतर बरीच वर्षं नवी पेठेच्या मागं दोन खोल्यांत भाड्यानं काढली, मग इथं प्लॉट घेऊन बांधलं. घर दोघांच्या नावावर आहे. माझं माहेर जेऊरचं, नवऱ्याचं घर अक्कलकोटचं, पण आम्ही दोघांनी आपलं म्हणून उभं केलेलं हे एकच घर. पायाचा खड्डा खणला तेव्हापासून मी तिथं उभी होते. स्वयंपाकघराची खिडकी कुठं यावी यावरून गवंड्याशी वाद घातला होता.

नवरा दिवाळीच्या आसपास निवृत्त झाला. संक्रांत झाली आणि मासे लपायला लागले.

पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, दिवा उशिरा लावला असेल. सगळे मासे मागच्या बाजूला, गाळणीच्या नळीआड एका जागी दाटून उभे होते. एंजेलनी पंख अंगाशी मिटून घेतले होते आणि त्यांच्या चंदेरी अंगावर काळपट पट्टे उठले होते. कल्ले भराभर हलत होते. मी खाणं टाकलं, ते तरंगत राहिलं, भिजलं आणि खाली बसलं. एरवी मॉली ते पाण्याला लागायच्या आत खातात.

पुढं हे वारंवार व्हायला लागलं. सकाळी मी शाळेला निघताना मासे बरे असायचे. संध्याकाळी आले की आड गेलेले. एखाद्या दिवशी चांगले असायचे, मग पुन्हा तेच.

आपल्याकडं असं काही झालं की पहिला संशय पाण्यावर जातो. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि येतं तेव्हा कधीकधी औषधाचा इतका वास मारतं की पिण्याचं पाणीही उघडं ठेवावं लागतं. मी टाकीत घालायचं पाणी आधीच अंगणात बादल्यांत काढून ठेवायची. आता ते आणखी जास्त वेळ ठेवायला लागले. नवऱ्यानं बादल्या उचलून आत आणल्या. एकदा ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी धरलं आणि म्हणाला, "क्लोरीनच असणार. ह्या वेळी जास्तच टाकलंय वाटतं."

नवी पेठेच्या एका बोळात माशांचं दुकान आहे. तिथून मी पाणी तपासायच्या बाटल्या आणल्या. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग जुळवून बघायचा. नवऱ्याला मी नळी खिडकीपाशी धरायला लावली, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात रंग कळत नव्हता. त्यानं ती धरली. मी रंग बघत होते आणि तो माझ्याकडं बघत होता, हे मला आठवतं. पाण्यात काही दोष निघाला नाही.

मग मी गाळणीच्या मोटारीवर आले. ती घरघरते म्हणून नवी बसवली. मग वाटलं, मॉलींमधली एक दांडगी झाली असेल, ती बाकीच्यांना हाकलत असेल. तिला एका बरणीत वेगळं काढून पाहिलं. काही फरक पडला नाही. शेवटी दुकानदारानं फोनवर लक्षणं ऐकून सांगितलं की कल्ल्यांना काहीतरी झालं असावं, आणि एक निळं औषध सुचवलं. त्या दिवशी मला शाळेत उशीर होणार होता, म्हणून दुकानातून औषध आणायला नवराच गेला होता. त्यानं ते आणलं आणि माझ्या हातात दिलं.

मी ते टाकीत घातलं. पाणी निळं झालं. पुढच्या एकदोन दिवसांत एंजेलमधला एक तळाशी आडवा पडला. मी त्याला जाळीनं उचललं तेव्हा तो अजून थोडा हलत होता. कुंडीत पुरताना मला रडू आलं. नवरा माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "जाऊ दे, जीवच तो केवढा. असल्या गोष्टी मनाला लावून घेऊ नये."

मार्च लागला आणि उन्हामुळं शाळा सकाळची झाली. आमच्याकडं उन्हाळ्यात तसंच असतं, उजाडता जायचं आणि ऊन चढता चढता घरी यायचं. त्या पहिल्याच आठवड्यात मी दुपार व्हायच्या आत घरी आले तर मासे गाळणीआड. दुपारभर तिथंच. संध्याकाळी मात्र हळूहळू बाहेर आले आणि दिवे लागेपर्यंत पुढच्या काचेपाशी फिरायला लागले.

मला आधी बरं वाटलं. संध्याकाळी कितीतरी दिवसांनी ते बाहेर दिसले होते. पण दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते, तेव्हा ते एकदम डोक्यात आलं. थंडीत ते संध्याकाळी लपलेले असायचे, आता दुपारी लपलेले असतात. पाणी तेच, मोटार तीच, ऊन तर वाढलंय. बदललीय ती एकच गोष्ट, माझ्या शाळेची वेळ. मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या. इथं ते आपोआप झालं होतं. आणि रविवारी मासे कधीच लपत नव्हते, हेही तेव्हाच लक्षात आलं. मी घरी असले की ते ठीक असायचे. मी घराबाहेर पडले की घरात काहीतरी होत होतं.

घरी मी नवऱ्याला विचारलं, दिवसा कुणी येतं का. तो पेपर वाचत होता. कोण येणार, असं म्हणून त्यानं पान उलटलं.

त्यानंतर मला गोष्टी दिसायला लागल्या. पुढच्या काचेवर बोटांचे ठसे होते, आणि आम्ही दोघंही काचेला हात लावत नाही. स्टँडच्या पायाखाली फरशीवर ओरखडा उठला होता, म्हणजे टाकी जागची हलवली गेली होती. पाण्यानं भरलेली टाकी एकटा माणूस हलवू शकत नाही. हॉलमध्ये एक गोड, उग्र वास असायचा, डासांच्या औषधाचा म्हणून मी सोडून दिला होता तो. आणि नवरा, जो फोनवर हॉलमध्ये बसून मोठमोठ्यानं अक्कलकोटच्या भावाशी कानडीत बोलत असे, तो हल्ली फोन आला की गच्चीवर जात होता.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात जे यायचं ते आलं. ह्या वयात असं असेल का, आणि असेल तर कोण, असे घाणेरडे विचार करत मी फळ्यावर पचनसंस्थेची आकृती काढत होते. ते मला सहन होईना. एके दिवशी पहिले दोन तास झाल्यावर मी मुख्याध्यापिकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि रिक्षा करून घरी निघाले.

फाटकासमोर पांढरी गाडी उभी होती. दाराबाहेर चपला होत्या, बायकांच्या आणि पुरुषांच्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत पाच माणसं होती. नवरा, एक मध्यमवयीन जोडपं, त्यांच्याबरोबरची म्हातारी बाई, आणि हातात गाडीची किल्ली फिरवणारा एक माणूस, जो एजंट असावा हे मला लगेच कळलं. त्यांनी टाकी भिंतीपासून पुढं ओढली होती. एजंट मागच्या भिंतीवर तळहात फिरवून दाखवत होता की बघा, ओल अजिबात नाही. टाकी काढली की ही भिंत सगळी मोकळी मिळते, सोफा बसतो, असं तो सांगत होता. बोलता बोलता त्यानं किल्लीनं काचेवर टक टक केलं आणि मासे गाळणीमागं एकमेकांत घुसले. त्या गोड वासानं हॉल भरला होता. घर दाखवायच्या आधी मारायचा सुवासाचा फवारा टाकीशेजारीच ठेवलेला होता.

नवऱ्यानं मला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून जे गेलं ते मी ह्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. पण तो लगेच सावरला आणि म्हणाला, "ह्या आमच्या मिसेस."

त्या जोडप्यातली बाई हसून पुढं आली. चांगली बाई होती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, तुमचं स्वयंपाकघर लई आवडलं की मला. साहेब सांगत होते, तुम्हालाच पुण्याला लेकीकडं जायची घाई झालीय."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक बसा म्हणाले. पाणी हवं का विचारलं असेल. एजंटला काहीतरी समजलं असावं, कारण त्यानं सगळ्यांना पटापट बाहेर काढलं. गाडी गेली. टाकी तशीच मधोमध तिरकी राहिली होती.

नवरा म्हणाला, "बस. सांगतो."

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. निवृत्तीनंतर त्याला ह्या घरात दिवस जाईना. मी शाळेत, मुलगी पुण्यात, सोलापुरातले मित्र कुणी गेले, कुणी मुलांकडं राहायला गेले. पुण्यात मुलीच्या जवळ एखादा फ्लॅट घ्यावा असं त्याच्या मनात आलं. मुलीला विचारलं तर तिला आनंद झाला. गिऱ्हाईक पक्कं होईपर्यंत मला त्रास नको, असं त्या दोघांनी ठरवलं. सहीच्या वेळी मला सांगायचं, तोवर सगळं जुळून आलेलं असेल, मग मी नाही म्हणणार नाही.

"म्हणजे मुलीलाही माहीत होतं," मी म्हणाले.

"तिला माहीत होतं."

मी त्याला विचारलं, मासे का लपतात ते तुम्हाला कळलं होतं का. खरं तर त्या क्षणी घरापेक्षा मला तेवढंच हवं होतं. माझी अशी इच्छा होती की त्यानं नाही म्हणावं. माणसं येत होती, गडबड होती, माशांकडं कुणाचं लक्ष होतं, असं काहीतरी.

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "लोक आले की ते मागं जायचे. पहिल्या दिवशीच बघितलं होतं मी."

"आणि मी पाणी बदलत होते."

"तुला काय सांगणार होतो मी?"

मी उठून आत गेले. नवऱ्यानं बादल्या उचलल्या होत्या. क्लोरीन असणार म्हणाला होता. परीक्षानळी खिडकीशी धरून उभा राहिला होता. औषध दुकानातून स्वतः आणून दिलं होतं, नसलेल्या आजारावरचं, आणि मासा मेला तेव्हा पाठीवरून हात फिरवला होता. घर विकायचं माणसाच्या मनात येऊ शकतं, त्यात काही पाप नाही. पण मी कारण शोधत होते आणि कारण माझ्या शेजारी उभं राहून मला शोधायला मदत करत होतं. ते काही केल्या माझ्या मनातून जाईना.

शेजारच्या घरात एक पद्मशाली कुटुंब आहे. त्या घरातली बाई माझ्याहून थोडी मोठी, तेलुगू बोलणारी. मुलीच्या लग्नात तिनं आठवडाभर आमचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. संध्याकाळी मी कुंपणापाशी उभी होते तेव्हा ती आली. मी विचारायच्या आधीच तिचे डोळे भरले. म्हणाली, "मला वाटलं तुमाला ठाव हाय की. भाऊंनी सांगितलं, शाळेत कुणाला कळायला नको म्हणून तुमी गप्प हायेत. मी दोनदा त्या लोकांना चहापण करून दिला." तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पण माझ्या घरी आलेल्यांचा चहा शेजारी झाला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे ऐकून मी कुंपणाचा खांब धरला.

मुलीचा फोन मी दुसऱ्या दिवशी घेतला. ती आधी रडली, मग समजावायला लागली. बाबा एकटे पडलेत, तुला दिसत नाही का, असं म्हणाली. मी म्हटलं, दिसलं असतं, कुणी दाखवलं असतं तर. मग ती जे बोलली ते मला अजून ऐकू येतं.

"आई, तुला आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाही म्हणायला मला मिळायला नको होतं का?"

 ती म्हणाली, जेवून घे.

मी सही केली नाही. एजंट आणखी एकदा आला, तेव्हा मी दारातच त्याला घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. तो नवऱ्याकडं बघत होता. नवऱ्यानं पेपर उचलला. ती बाई, जिला माझं स्वयंपाकघर आवडलं होतं, तिचं मला वाईट वाटलं. तिनं मनात आपले डबेसुद्धा मांडून पाहिले असतील.

मासे चारसहा दिवसांत बाहेर आले. आधी मॉली आल्या, मग उरलेला एंजेल. त्याचे काळे पट्टे विरत गेले आणि अंग पुन्हा चंदेरी झालं. खाणं टाकलं की तो वर येऊ लागला. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्यांच्याकडं बघायची आणि डोक्यात तीच ती तिरकी टाकी यायची. सुट्टी लागल्यावर एका शनिवारी मी सगळे मासे शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवले. टाकी, दिवा, गाळणी, सगळं; सुट्टीत खाणं टाकायचं शिपायानं कबूल केलं होतं. नवरा स्टँडचं एक टोक धरायला पुढं आला. मी त्याला नको म्हणाले आणि शाळेच्या शिपायाला हाक मारली.

मे महिन्यात नवरा पुण्याला गेला आणि पावसाळा बराच सरेपर्यंत राहिला. आमचं बोलणं रोज व्हायचं. गोळ्या घेतल्या का, लाइट बिल आलं का, तिकडं पाऊस आहे का. लोकांना काही वेगळं वाटलं नाही. आमच्या वयाची कितीतरी जोडपी अशीच अर्धी इकडं, अर्धी तिकडं असतात. मी एकटी राहिले आणि मला भीती वाटली नाही, पण घर पहिल्यासारखं वाटत नव्हतं. मी नसताना कितीजणांनी माझी कपाटं उघडून पाहिली असतील, कुणी आमच्या झोपायच्या खोलीत उभं राहून पलंग कुठं बसेल ते मोजलं असेल, असं मनात यायचं. एका रविवारी मी सगळी कपाटं रिकामी करून पुसली.

नवरात्राच्या आधी तो परत आला. बारीक झाला होता. लेकीकडं सगळे सकाळी कामाला जायचे आणि तिथंही तो दिवसभर एकटाच बसायचा, हे त्यानं आपणहून सांगितलं. ते ऐकून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. इतकी वर्षं एकत्र काढलेल्या माणसाचं एकटेपण कळत नाही असं होत नाही.

मी भाकरी करत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एक विचारू? तू निवृत्त झालीस की जाऊ या का पुण्याला? तू म्हणशील तसं. नाही म्हणालीस तरी चालेल."

इतक्या वर्षांत त्यानं इतक्या सरळपणे मला काही विचारलेलं मला आठवत नाही. संक्रांतीच्या आधी हेच वाक्य त्यानं ह्याच दारात उभं राहून म्हटलं असतं, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. ते मी त्याला सांगितलं.

"आणि आता?"

"आता मला तुमचं खरं कुठलं आणि दुसरं कुठलं ते कळत नाही," मी म्हणाले. "आता हे विचारताय, तेसुद्धा लेकीशी ठरवून विचारताय का, असं मनात येतं."

 ठरवलं होतं की नव्हतं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. तव्यावरची भाकरी फुगली होती, ती मी काढली. त्यानं फळीवरून दोन ताटं घेतली, शेंगाचटणीचा डबा उघडला, आणि आम्ही जेवायला बसलो.